बारनिशीचा कारकून : जुन्या वेब सेवा आणि संदेशांवरील संस्कार

(शताब्दी महोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



जुन्या मराठी कचेऱ्यांचे दप्तर ज्यांनी हाताळले आहे त्यांना ‘बारनिशी’ हा शब्द नव्याने सांगावयास नको. कचेरीत येणारा आणि कचेरीतून बाहेर जाणारा प्रत्येक कागद ज्या वहीत नोंदला जातो ती बारनिशी. ही वही सांभाळणारा कारकून पत्राचा मजकूर लिहीत नाही की त्यावर निर्णय देत नाही. तो लिफाफा घेतो, मोहोर शाबूत आहे की नाही ते पाहतो, आवक क्रमांक घालतो, तारखेचा शिक्का उठवतो आणि कागद ज्याच्या मेजावर जावयाचा त्याच्या मेजावर पाठवतो. उत्तर निघाले की हीच क्रिया उलट क्रमाने होते. उद्या वरून हुकूम आला की यापुढे प्रत्येक पत्राची नक्कल ठेवावी, तर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याला आपली रीत बदलावी लागत नाही. बारनिशीत एक काम वाढते, एवढेच.

जुन्या वेब सेवांमध्ये संदेशांवर प्रक्रिया करणारे विस्तार कसे बसवावेत, हा आजचा विषय ग्रंथालयाच्या सभागृहात काहीसा परका वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याचे सारे मर्म या कारकुनात आहे. जुनी वास्तू न पाडता तिच्या दाराशी नवी व्यवस्था कशी उभी करावी, आणि ती उभी करताना वास्तूच्या मूळ हेतूला धक्का कसा लागू देऊ नये, हा प्रश्न शंभर वर्षे जगलेल्या प्रत्येक संस्थेला केव्हा ना केव्हा पडतोच.

प्रथम वेब सेवा म्हणजे काय ते पाहणे इष्ट ठरेल. संगणकाच्या पडद्यावर जी पाने दिसतात ती माणसांनी वाचावीत म्हणून मांडलेली असतात. वेब सेवा ही त्याहून निराळी गोष्ट होय. तेथे विचारणाराही संगणक आणि उत्तर देणाराही संगणकच. दोन्ही यंत्रे निरनिराळ्या कंपन्यांची, त्यांवरील आज्ञावल्या निरनिराळ्या भाषांत लिहिलेल्या; अशा दोघांत संभाषण घडावयाचे तर उभयतांना कळेल असा पत्राचा नमुना आधी ठरलेला असावा लागतो. फेब्रुवारी १९९८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने एक्सएमएल या लेखनपद्धतीस मान्यता दिली आणि असा नमुना ठरविण्यास आधार मिळाला. त्याच वर्षी डेव्ह वायनर, डॉन बॉक्स, बॉब ॲटकिन्सन आणि मोहसीन अल-घोसैन यांनी ज्या पत्रनमुन्याच्या कामास आरंभ केला त्याचे नाव ‘सोप’. त्याची १.१ ही आवृत्ती मे २००० मध्ये प्रसिद्ध झाली आणि जून २००३ मध्ये १.२ या आवृत्तीस कन्सॉर्शियमची अधिकृत शिफारस लाभली. आरंभी ‘सिंपल ऑब्जेक्ट ॲक्सेस प्रोटोकॉल’ या नावाची ती आद्याक्षरे होती, १.२ मध्ये तो विस्तार वगळला गेला आणि ‘सोप’ हे नुसते नाव उरले.

या नमुन्याची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. सर्वांत बाहेर लिफाफा. लिफाफ्याच्या आत दोन भाग. एक शीर्षभाग आणि दुसरा मजकुराचा भाग. मजकुरात प्रत्यक्ष प्रश्न किंवा उत्तर असते. शीर्षभाग ऐच्छिक असून त्यात मजकुराविषयीची माहिती येते. पत्र कोणी पाठविले, त्याची ओळख कशाने पटवावी, सही कोणती, हे पत्र कोणत्या पत्राचे उत्तर आहे, अशा गोष्टी तेथे लिहिल्या जातात. ही विभागणी करणाऱ्यांनी एक दूरदृष्टी दाखविली होती. पुढे काय काय लागेल हे आज कळत नाही. तेव्हा जे लागेल ते शीर्षभागात घालता यावे आणि मजकुरास हात लावण्याची वेळ येऊ नये, अशी ही सोय होती. बारनिशीच्या कारकुनाचे मेज या शीर्षभागाशी मांडलेले आहे.

ग्रंथालयांचा या साऱ्याशी संबंध फार निकटचा आहे. एका ग्रंथालयाच्या संगणकाने दुसऱ्या ग्रंथालयाची सूची धुंडाळावी यासाठी अमेरिकेत झेड ३९.५० नावाचे मानक निर्माण झाले. त्याची पहिली आवृत्ती १९८८ ची. १९९८ मध्ये तेच आयएसओ २३९५० या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक ठरले. वेब सेवांचा काळ आल्यावर त्याच विचाराला नवी वस्त्रे चढविण्यात आली आणि एसआरडब्ल्यू व एसआरयू ही जुळी मानके पुढे आली. पैकी एसआरडब्ल्यू हे सोपच्या लिफाफ्यातून प्रश्न विचारी. एसआरयू साध्या वेब पत्त्यातूनच प्रश्न नेई. मात्र जगभरच्या ग्रंथालयांतील जुने झेड ३९.५० चे सर्व्हर एका रात्रीत बदलणे शक्य नव्हते. मग डेन्मार्कमधील इंडेक्स डेटा या कंपनीने ‘याझ प्रॉक्सी’ नावाचा मध्यस्थ तयार केला. तो नव्या पद्धतीचा प्रश्न घेतो, जुन्या पद्धतीत मांडून आतल्या सर्व्हरला विचारतो, मार्क नमुन्यातील नोंद एक्सएमएलमध्ये बदलतो आणि उत्तर परत करतो. त्याने काय करावे आणि किती करावे हे एका कॉन्फिगरेशन फाइलीत लिहून ठेवायचे असते. आतला जुना सर्व्हर पूर्वीप्रमाणेच आपले काम करीत राहतो. बारनिशीच्या कारकुनाचे याहून सुबक उदाहरण ग्रंथालयाच्या क्षेत्रात सापडणे कठीण.

आता ‘जुन्या’ या विशेषणाकडे वळू. २००२ च्या प्रारंभी मायक्रोसॉफ्टची डॉट नेट ही प्रणाली बाहेर पडली आणि तिच्यासोबत वेब सेवा लिहिण्याची एएसएमएक्स ही पद्धत आली. जावा भाषेत प्रथम जॅक्स-आरपीसी आणि २००६ मध्ये जॅक्स-डब्ल्यूएस आले. बँका, विमा कंपन्या, विद्यापीठे, सरकारी खाती आणि ग्रंथालये यांनी त्या काळात अशा सेवा मोठ्या संख्येने उभारल्या. काळ पुढे सरकला. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००६ मध्ये डब्ल्यूसीएफ ही नवी पद्धत आणली आणि एएसएमएक्सला वारसा म्हणून मागे ठेवले. २०१६ मध्ये जी नवी डॉट नेट कोअर प्रणाली आली तिच्यात एएसएमएक्सला स्थान मिळाले नाही. सप्टेंबर २०१८ च्या जावा ११ मधूनही जॅक्स-डब्ल्यूएस वगळले गेले. ज्यांना हवे त्यांनी ते निराळे जोडून घ्यावे लागते. तरीही त्या सेवा चालूच आहेत. त्यांचे आश्रयदाते तेवढे त्यांना सोडून पुढे गेले आहेत.

अशा सेवेपुढे जेव्हा नवी अट येते तेव्हा खरा पेच पडतो. समजा, एका ग्रंथालयाची सूची-सेवा पंधरा-वीस वर्षे चालू आहे. तालुक्याच्या ठिकाणची वाचनालये तिला प्रश्न विचारतात आणि पुस्तक शिल्लक आहे की नाही ते जाणून घेतात. ज्याने ती आज्ञावली लिहिली तो गृहस्थ केव्हाच दुसरीकडे गेला. आता ठरले की, प्रत्येक प्रश्नावर विचारणाऱ्याची ओळख असावी आणि प्रत्येक व्यवहाराची नोंद राहावी. मूळ आज्ञावली उघडून तिच्यात फेरफार करावा तर एक धागा ओढताना दुसरा कोणता उसवेल याचा भरवसा नाही. सेवा नव्याने लिहावी तर तिला प्रश्न विचारणाऱ्या सर्व वाचनालयांना आपापल्या आज्ञावल्या बदलाव्या लागतील. कारण सेवेचा करार, म्हणजे कोणता प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावा याचे वर्णन, त्यांनी आपल्या बाजूस पक्के बांधून घेतलेले असते. अशा वेळी तिसरा मार्ग उपयोगी पडतो. आतल्या मजकुराला आणि कराराला हात न लावता संदेशाच्या वाटेवर एक कारकून बसवावयाचा.

एएसएमएक्समध्ये या कारकुनास ‘सोप एक्स्टेन्शन’ म्हणतात. सेवेच्या बाजूस संदेशाचा प्रवास असा होतो. लिफाफा येतो, त्यातील एक्सएमएल उलगडून त्याच्या वस्तू बनवितात, सेवेचे मूळ काम होते, उत्तराच्या वस्तू पुन्हा एक्सएमएलमध्ये गुंडाळतात आणि लिफाफा बाहेर पडतो. कारकुनाला या प्रवासात चार वेळा हाक मारली जाते : उलगडण्यापूर्वी, उलगडल्यानंतर, गुंडाळण्यापूर्वी आणि गुंडाळल्यानंतर. कूट उकलणे, सही तपासणे ही कामे उलगडण्यापूर्वीची. कारण तेव्हा कागद आलेल्या मूळ रूपात असतो. नोंदीचे काम पुष्कळदा उलगडल्यानंतर सोयीचे पडते. उत्तरावर सही करणे किंवा त्याला कुलूप घालणे हे गुंडाळल्यानंतरच होऊ शकते. प्रश्न विचारणाऱ्याच्या बाजूस हाच क्रम फिरतो. तेथे आधी गुंडाळणे आणि मग उलगडणे.

या कारकुनाच्या कामात एक बारीक पथ्य आहे, आणि नवशिके नेमके तेथे घसरतात. संदेश हा प्रवाहाच्या रूपाने येतो. एकदा वाचला की तो पुढे सरकून गेलेला असतो. म्हणून कारकुनाला ‘चेनस्ट्रीम’ नावाच्या पायरीवर मूळ प्रवाह हाती दिला जातो आणि त्याने आपला स्वतःचा एक प्रवाह परत द्यावयाचा असतो. येताना मूळ प्रवाहातले पाणी आपल्या प्रवाहात ओतायचे आणि तो मुखाशी परत आणून ठेवायचा. जाताना आपल्या प्रवाहातले मूळ प्रवाहात ओतायचे. हे ओतणे विसरले तर कारकुनाने पत्र वाचले, पण पुढे पाठविलेच नाही, असे होते. आतल्या सेवेस रिकामा लिफाफा मिळतो आणि दोष मात्र तिच्या माथी येतो.

कारकून तयार झाला तरी त्याची नेमणूक व्हावी लागते, आणि येथे कॉन्फिगरेशनचा प्रश्न येतो. नेमणुकीच्या दोन रीती आहेत. पहिली रीत म्हणजे आज्ञावलीतच एखाद्या विशिष्ट कामाच्या माथ्यावर खूण करणे. तेव्हा कारकून तेवढ्याच कामापुरता बसतो. यासाठी मूळ आज्ञावली उघडावी लागते, म्हणून जुन्या सेवेस ती गैरसोयीची. दुसरी रीत म्हणजे ‘वेब डॉट कॉन्फिग’ या फाइलीत ‘सोप एक्स्टेन्शन टाइप्स’ या शीर्षाखाली एक ओळ लिहिणे. त्या ओळीत तीन गोष्टी येतात : कारकुनाचे पूर्ण नाव आणि तो ज्या संचात आहे त्याचे नाव, त्याचा गट आणि गटातील क्रमांक. ओळ लिहिली की त्या फाइलीच्या कक्षेतील सर्व सोप सेवांना तो लागू होतो. आज्ञावलीतील एकही अक्षर बदलत नाही. या सोयीत जोखीमही आहे. नावात एक अक्षर चुकले तर कारकून सापडत नाही आणि त्याच्यावाचून चालणाऱ्या सेवाही बंद पडतात. तसेच एका सेवेसाठी नेमलेला कारकून शेजारच्या दहा सेवांच्या दारातही उभा राहतो. तेव्हा कक्षा किती असावी याचा विचार ओळ लिहिण्यापूर्वी करावा.

गट आणि क्रमांक यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. कारण एकाहून अधिक कारकून बसले की क्रमच सर्व काही ठरवितो. शून्य गटातील कारकून तारेच्या, म्हणजे बाहेरच्या जगाच्या, सर्वांत जवळ असतात. त्यांच्या आत खूण करून नेमलेले. त्यांच्याही आत एक गटातील. एकाच गटात ज्याचा क्रमांक लहान तो बाहेरच्या जगाला अधिक जवळचा. म्हणून येणारे पत्र प्रथम ज्याच्या हाती पडते, जाणारे पत्र त्याच्याच हातून शेवटी बाहेर पडते. कुलूप उघडणारा कारकून बाहेर आणि मजकूर तपासणारा आत, असा क्रम असेल तर काम सुरळीत होते. क्रमांक उलटे पडले तर तपासणाऱ्याच्या हाती कुलूपबंद मजकूर येतो आणि तो प्रत्येक प्रामाणिक पत्र परत पाठवितो. कारकून दोघेही निर्दोष, आज्ञावलीही निर्दोष. चूक फक्त दोन आकड्यांची.

जावाच्या प्रांतात हीच व्यवस्था ‘हँडलर’ या नावाने नांदते. तेथे हँडलरांची साखळी एका निराळ्या एक्सएमएल फाइलीत लिहिली जाते. त्यात दोन जाती आहेत. एका जातीस केवळ मजकूर दिसतो. दुसरीस शीर्षभागासह संपूर्ण लिफाफा. जाताना मजकूर पाहणारे आधी आणि लिफाफा पाहणारे नंतर काम करतात. येताना हाच क्रम उलटतो. ज्याचे काम मजकुराशी आहे त्यास शीर्षभागातील सह्या दिसण्याचे कारण नाही, हा संयम त्या रचनेतच गुंफलेला आहे. अपाची ॲक्सिस-२ या संचात अशा कारकुनांचा समूह ‘मॉड्यूल’ म्हणून बांधलेला असतो. सुरक्षेसाठी ‘रॅम्पार्ट’ नावाचे मॉड्यूल जोडण्यास कॉन्फिगरेशन फाइलीतील एक छोटी नोंद लागते, आणि धोरणाचा तपशील निराळा लिहावा लागतो. मायक्रोसॉफ्टने एएसएमएक्ससाठी डब्ल्यूएसई या नावाने असे तयार कारकून पुरविले. त्यांची पहिली आवृत्ती डिसेंबर २००२ ची, दुसरी २००४ ची आणि तिसरी २००५ ची. ओअॅसिस या संस्थेने वेब सेवांच्या सुरक्षेचे मानक एप्रिल २००४ मध्ये मान्य केले आणि सही, ओळख व कुलूप यांची शीर्षभागातील जागा निश्चित झाली.

शीर्षभागाविषयी सोपचा एक नियम विशेष मननीय आहे. शीर्षभागातील एखाद्या नोंदीवर ‘हे समजलेच पाहिजे’ अशी खूण करता येते. अशी नोंद ज्याच्यासाठी आहे त्याला ती समजत नसेल तर त्याने पत्रावर काम करूच नये; नकाराचे उत्तर पाठवावे. सही तपासण्याचे शीर्षक आले आहे आणि आतल्या सेवेस सही म्हणजे काय हे ठाऊक नाही, तरी तिने मुकाट्याने काम केले, तर सुरक्षेचा केवळ देखावा उरेल. तो टाळण्यासाठी हा नियम आहे. म्हणून सुरक्षेचा कारकून नेमावयाचा राहिला तर जुनी सेवा अशी सारी पत्रे नाकारू लागते, आणि ते योग्यच आहे. ग्रंथालयांच्या एसआरयू मानकाने जोडणीच्या अधिक माहितीबाबत वेगळी वाट धरली. तेथे अधिकच्या सूचनांची नावे एका ठराविक उपसर्गाने सुरू होतात आणि सर्व्हरला त्या कळल्या नाहीत तर त्याने त्या निमूटपणे सोडून दिल्या तरी चालते. एक नियम सांगतो, समजले नाही तर थांबा; दुसरा सांगतो, समजले नाही तरी शोध चालू द्या. दोन्ही आपापल्या जागी योग्य आहेत. जेथे विश्वासाचा प्रश्न आहे तेथे पहिला हवा. जेथे केवळ सोयीचा प्रश्न आहे तेथे दुसरा. विन्यास करणाऱ्याने प्रत्येक नव्या कारकुनाच्या बाबतीत स्वतःला हा प्रश्न विचारावा : हा नसेल तर काम थांबावे की चालावे?

मराठी वाचकांच्या दृष्टीने ज्यात सर्वांत अधिक काही पणास लागले आहे अशी एक गोष्ट आता सांगितली पाहिजे. आज संदेशांतील अक्षरे बहुधा यूटीएफ-८ या पद्धतीने लिहिली जातात. तीत इंग्रजी अक्षरास एक बाइट पुरतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. ‘ज्ञानेश्वरी’ या शब्दात हलन्त आणि मात्रा धरून ११ चिन्हे येतात, म्हणजे ३३ बाइट. एखाद्या कारकुनाने लिफाफ्याची लांबी बाइटांऐवजी चिन्हांत मोजून वर लिहिली, तर घेणारा ११ बाइट घेऊन थांबेल आणि शब्द मध्येच तुटेल. इंग्रजी मजकुरात दोन्ही मोजमापे सारखीच येतात, म्हणून ही चूक इंग्रजी नमुन्यांवर चाचणी घेणाऱ्यास कधीच दिसत नाही. दुसरी चूक याहून दारुण. कारकुनाने संदेश वाचून पुन्हा लिहिताना ॲस्की ही जुनी पद्धत वापरली, तर तीत देवनागरीला जागाच नाही. डॉट नेटमध्ये अशा प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह येते. ग्रंथाचे नाव, लेखकाचे नाव, सभासदाचे नाव, सारे प्रश्नचिन्हांच्या रांगेत बदलते. मूळ सूची शाबूत, सेवा शाबूत. पण मधल्या कारकुनाला लिपी येत नाही म्हणून मराठी ग्रंथ सूचीतून अदृश्य होतात. आणि अशी प्रश्नचिन्हे एकदा दुसऱ्या संगणकाच्या कोठारात साठविली गेली की त्यांतून मूळ अक्षरे परत मिळविता येत नाहीत. जेथे मराठी ही राज्याची भाषा नाही तेथे असे ग्रंथ शोधणारे थोडे असतात. म्हणून तेथे हा तोटा कोणाच्या ध्यानी येण्यासही अधिक काळ जातो. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक नवा कारकून नेमताना पहिली चाचणी देवनागरी मजकुराने घ्यावी आणि गेलेला व आलेला शब्द अक्षरशः ताडून पाहावा.

दुसरा प्रश्न वाचकाच्या विश्वासाचा. नोंद ठेवणारा कारकून बसविणे सर्वांत सोपे, म्हणून तोच पुष्कळदा सर्वप्रथम बसविला जातो. तो कुलूप उघडणाऱ्याच्या आत बसला असेल तर त्याला सर्व काही उघडे दिसते. सभासदाचा परवलीचा शब्द, त्याचा क्रमांक, त्याने मागितलेले पुस्तक, सारे काही साध्या फाइलीत उतरते आणि ती फाइल कोणीही वाचू शकतो. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या १९३९ च्या आचारसंहितेत वाचकाची खाजगी माहिती गुप्त ठेवणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य म्हणून नोंदले गेले होते. यंत्र आले म्हणून ते कर्तव्य सुटत नाही. कारकुनाने वेळ, कामाचे नाव, लागलेला काळ आणि यशापयश एवढेच टिपावे. बारनिशीत पत्राचा क्रमांक आणि विषय असतो. पत्रातले गुपित तेथे उतरवीत नाहीत.

तिसरी सूचना चाचणीसंबंधी. एएसएमएक्सच्या सेवेचे पान ब्राउझरमध्ये उघडले की तेथेच चाचणीची सोय दिसते. कारकून बसविल्यावर पुष्कळजण त्या पानावरून काम करून पाहतात. उत्तर येते, पण नोंद उमटत नाही. मग कॉन्फिगरेशन पुन्हा पुन्हा तपासले जाते. वस्तुतः त्या पानावरून जाणारी विनंती सोपच्या लिफाफ्यातून जातच नाही, आणि सोपचा कारकून सोपच्या लिफाफ्यालाच हात लावतो. तो बसला आहे की नाही हे खऱ्या लिफाफ्यानेच कळते. यातून आणखी एक सावधगिरी निघते. सुरक्षेसाठी दारात कारकून बसविला आणि शेजारचे दुसरे दार उघडे ठेवले, तर कारकून असूनही पहारा नाही. म्हणून लिफाफ्याशिवाय आत येण्याच्या वाटा त्याच कॉन्फिगरेशन फाइलीत बंद करून टाकाव्यात.

सही झालेल्या पत्राविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. अंकीय सही अक्षर न् अक्षर मोजून केलेली असते. एक्सएमएलमध्ये गुणविशेषांचा क्रम किंवा अवतरणचिन्हांचा प्रकार बदलला तरी अर्थ बदलत नाही. म्हणून सहीपूर्वी मजकूर एका प्रमाणरूपात आणण्याची पद्धत २००१ मध्ये ठरविली गेली. तथापि ते प्रमाणरूप मजकुरातील मोकळ्या जागा जशाच्या तशा राखते. एखाद्या हौशी कारकुनाने पत्र देखणे दिसावे म्हणून ओळी आत-बाहेर सरकविल्या, तर अर्थ तोच राहूनही सही खोटी ठरते. सही झाल्यानंतर आणि सही तपासण्यापूर्वी मधल्या कोणीही कागदास हात लावू नये, हा नियम बारनिशीत होता. येथेही तोच आहे.

इतके पाहिल्यावर या पद्धतीची मर्यादा सांगणे प्राप्त आहे. कारकून निर्णय देऊ लागला की कचेरी बिघडते. सेवेच्या मूळ कामातील चूक, चुकीची आकारणी किंवा सूचीतील घोटाळा, वाटेवरच्या कारकुनाकडून दुरुस्त करवून घेण्याचा मोह अनेकांना होतो, कारण मूळ आज्ञावली उघडण्याचे भय वाटते. अशा दुरुस्त्या साचत जातात आणि काही वर्षांनी सेवा काय करते हे तिच्या आज्ञावलीवरून कळेनासे होते. कारकुनाकडे ओळख, सही, कुलूप, नोंद, रूपांतर एवढीच कामे असावीत. निर्णयाची चूक निर्णयाच्या जागीच सुधारली पाहिजे. आणि ती जागाच हाती येत नसेल तर सेवा नव्याने लिहिण्याची वेळ आली असे समजावे. एप्रिल २०२२ मध्ये कोअर-डब्ल्यूसीएफची पहिली आवृत्ती आली. तेव्हा सोपचा जुना करार पुष्कळ अंशी राखून सेवा नव्या प्रणालीवर नेण्याची वाटही आता आहे. वाटेवरचा कारकून जुन्या सेवेला अवधी मिळवून देतो. त्या अवधीचा उपयोग करावयाचा की तो वाया दवडावयाचा, हे संस्थेच्या हाती असते.

शेवटी एक गोष्ट, जी ग्रंथालयास कोणी शिकवावयास नको. आज्ञावली लिहिणारा जातो तेव्हा त्याच्यामागे ती आज्ञावली राहते. पण कोणता कारकून कोणत्या क्रमाने आणि कशासाठी बसविला हे पुष्कळदा त्या एका कॉन्फिगरेशन फाइलीखेरीज कोठेही लिहिलेले नसते. यंत्र बदलताना ती फाइल मागे राहिली तर सेवा चालते, दारही उघडे असते; पण ओळख विचारणारा नसतो, आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून तिची प्रत दप्तरात असावी. प्रत्येक ओळीसमोर ती कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणाने घातली हे साध्या मराठीत लिहिलेले असावे. तिच्यासोबत चाचणीचा एक लिफाफा ठेवावा आणि त्यात एक तरी देवनागरी शब्द असावा.

जुन्या ग्रंथालयांत दाखलनोंदवही पहिल्या दिवसापासून जपलेली असते. कोणते पुस्तक कधी आले, कोणी दिले, कोणत्या क्रमांकाने लागले, हे त्या वहीमुळेच शंभर वर्षांनंतरही सांगता येते. ज्या निष्ठेने ती वही जपली जाते, त्याच निष्ठेने संगणकाच्या दारातील ही लहानशी फाइल जपली गेली, तर येणाऱ्या पिढीतील वाचक आपल्या घरून मराठी ग्रंथाचे नाव टाकील आणि त्यास उत्तर म्हणून प्रश्नचिन्हांची रांग न येता त्या ग्रंथाचे नाव, जसे लेखकाने लिहिले तसेच, परत येईल. शताब्दीच्या या शुभप्रसंगी संस्थेस आणि तिच्या वाचकांस तेवढे मागणे मागून हे व्याख्यान येथे पूर्ण होते.